फावल्या वेळेत वाचायला नवीन काय? वाचनालयाच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतल्या एका वाचनालयात मी देवघेवीचं काउंटर सांभाळते. संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येकाशी नीट बोलायला वेळ मिळत नाही, आणि मागे रांग असली की वाचकही संकोचतात. म्हणून रोज येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. पुस्तकांची नावं मी वाचलेल्या आणि वाचकांना देऊन पाहिलेल्या पुस्तकांतली आहेत. तुमच्या आवडीचं एखादं नाव इथे नसेल तर काउंटरवर सांगा.

किती जुन्या पुस्तकाला तुम्ही नवीन म्हणता?

गेल्या दहा-बारा वर्षांतलं. हे ऐकून काहीजणांना नवल वाटतं, पण मराठीत पुस्तक सावकाश फिरतं. पहिली आवृत्ती साधारण हजारभर प्रतींची निघते. पुरस्कार मिळाला, पेपरात नाव आलं की सगळे एकदम मागतात, तोवर दुकानातल्या प्रती संपलेल्या असतात. पुढची आवृत्ती येईपर्यंत वाट पाहावी लागते. पुण्यात ज्याची चर्चा दोन वर्षांपूर्वी झाली ते पुस्तक आमच्या कपाटात आज दाखल होतं, त्यामुळे मुखपृष्ठाआतलं वर्ष बघून ते बाजूला ठेवू नका.

मला काय आवडेल हे तुम्ही कसं ठरवता?

विचारून. अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलेलं अलीकडचं पुस्तक कुठलं, हा माझा पहिला प्रश्न. आवडता लेखक मी विचारत नाही, कारण त्यावर बहुतेकजण शाळेत ऐकलेलं नाव सांगतात. पूर्ण केलेलं पुस्तक मात्र खरं बोलतं. मग वाचता कधी, ते विचारते. मिरजेला रोज लोकलने किंवा एसटीने जाणाऱ्याला छोट्या कथा बऱ्या, रात्री निवांत तासभर मिळणाऱ्याला कादंबरी. शेवटी, काय नको ते.

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आले आणि म्हणाले, "मॅडम, काहीतरी बरं द्या की." काय नको, असं विचारल्यावर ते लगेच म्हणाले, "भाऊबंदकी नको, कोर्ट नको, राजकारण तर नकोच. जन्मभर तेच बघितलंय." पुढे सांगू लागले की लहानपणी ते गुरांमागे रानात जायचे, पाखरांची नावं त्यांना ठाऊक होती. आता आठवत नाहीत. त्यांना मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' दिलं. पुढच्या वेळी काउंटरवर पोचायच्या आतच त्यांनी विचारलं, यांचं दुसरं आहे का? 'चकवाचांदण' होतं, ते दिलं. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले, पुस्तकंही तशी जुनीच. पण काकांना नव्याजुन्याशी कर्तव्य नव्हतं, त्यांना रान हवं होतं.

बऱ्याच वर्षांनी वाचायला बसतोय. जाड कादंबरी झेपत नाही. सुरुवात कशाने करू?

बारीक पुस्तकाने. एक पुस्तक पूर्ण झालं की हात पुन्हा बसतो.

माझं पहिलं नाव देविदास सौदागर यांची 'उसवण' ही छोटी कादंबरी. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करणारे. रेडिमेड कपड्यांची दुकानं वाढल्यावर गावातल्या शिंप्याच्या घराचं काय होतं, हे त्यांनी आतून लिहिलंय. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना मी ही कादंबरी आवर्जून दिली. परत करताना त्यांनी एका पानाचा कोपरा बोटाने दाबून धरला होता आणि मला ते पान वाचायला लावलं. "गिऱ्हाईक आल्टर करायला आणतं, नवीन शिवायला आणत नाही. हे त्यांना कसं कळलं हो?" असं त्या म्हणाल्या. त्यांच्या दुकानात आता फॉल-पिको आणि आल्टरचंच काम जास्त येतं.

कथा चालत असतील तर आसाराम लोमटे यांचा 'आलोक' आणि जयंत पवार यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हे दोन्ही संग्रह घ्या. दोन्हींना साहित्य अकादमी मिळालेली आहे. लोमट्यांची कथा मराठवाड्यातल्या खेड्यातली, पवारांची गिरण्या बंद पडलेल्या मुंबईतली. पवारांच्या कथा लांब आहेत, एका बैठकीला एकच वाचा.

अक्षर बारीक वाटत असेल तर तसं सांगा. काही जुनी पुस्तकं नव्या आवृत्तीत मोठ्या अक्षरात आली आहेत, ती बघून देता येतात. ज्येष्ठ वाचक बारीक अक्षरापायी वाचन सोडून देतात आणि कारण कोणाला सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या भागातलं, आपल्या माणसांचं नवीन काही आहे का?

आहे, आणि मला सगळ्यात आनंद याच प्रश्नाचा होतो.

जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' वाचा. २०१८ चा युवा पुरस्कार. दुष्काळी भागातलं घर, मेंढरं, मजुरी, आणि या सगळ्यातून शिकत राहणारा मुलगा. जतचा दुष्काळ आपण पेपरात टँकरच्या आकड्यांत वाचतो. इथे तो घरातल्या पिठाच्या डब्यात दिसतो. पुस्तक सजवलेलं नाही, घडलं तसं सांगितलंय, म्हणून काही पानांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कृष्णात खोत यांची 'रिंगाण' ही २०२३ ची साहित्य अकादमीप्राप्त कादंबरी. धरणामुळे गाव उठलंय, माणसं दुसरीकडे वसवलीत, आणि एक शेतकरी मागे राहिलेल्या आपल्या म्हशीला आणायला परत त्या रानात जातो. म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही. एवढंच कथानक. पण कोयना आणि चांदोलीच्या धरणग्रस्तांच्या वसाहती ज्या जिल्ह्यांत आहेत, तिथल्या वाचकाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'रिंगाण' आवडली तर त्यापाठोपाठ विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' घ्या. तीही धरणग्रस्तांवरच, तिलाही साहित्य अकादमी मिळालेली. पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेर्ल्याचे. 'झाडाझडती'त सरकारी कचेरी, मोजणी, मोबदला, दलाल असा सगळा पसारा आहे. 'रिंगाण'मध्ये माणूस, जनावर आणि जंगल. एकाच दुःखावरची ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचावीत, असा माझा आग्रह आहे.

किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' खेड्यातून शिकायला शहरात आलेल्या मुलांना द्यावं. वसतिगृहात, खोल्या भाड्याने घेऊन राहणारी मुलं सांगलीत पुष्कळ आहेत. त्यांना त्यात स्वतःचा पत्ता सापडतो.

या जिल्ह्याला कथा नवी नाही. आटपाडीकडच्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची, वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ ची. ही दोन वाचलेली नसतील तर नव्याच्या आधी ती न्या. २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर सांगलीच्या, आणि जानेवारी २०२६ मधलं नव्व्याण्णवावं संमेलन साताऱ्यात भरलं तेव्हा अध्यक्ष विश्वास पाटील. भवाळकरबाईंचं लोकसंस्कृतीवरचं लेखन आमच्याकडे आहे. जात्यावरच्या ओव्या, देवीची गाणी, बायकांनी आपल्या मनातलं कुठे आणि कसं बोलून ठेवलंय, हे त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलंय. अभ्यासाचं लेखन म्हणून घाबरू नका. आजीच्या तोंडची ओवी त्यात भेटली की पानं भराभर उलटतात.

बोलीतलं पुस्तक समजायला जड जातं. काय करू?

पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. डोळ्याला अडलेले शब्द कानाला ओळखीचे निघतात.

रहस्यकथा आणि भयकथा?

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी अजूनही सगळ्यात जास्त बाहेर जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यानंतर कोण, असं विचाराल तर हृषीकेश गुप्ते. 'दंशकाल' घ्या. त्यातली भीती भुताची कमी आणि घराची जास्त आहे. मोठ्या वाड्यातल्या मोठ्या कुटुंबात वाढलेल्यांना ती अधिक लागते. बारावीच्या आतल्या मुलांना मी 'दंशकाल' देत नाही. मजकूर मोठ्यांचा आहे.

शुद्ध तपासकथा मराठीत नव्याने फारशी येत नाही, याची खंत आहे. ती भूक असलेल्यांनी 'धनंजय'चे दिवाळी अंक न्यावेत, रहस्य आणि गूढ कथांसाठीच तो अंक ओळखला जातो. जुने अंक आम्ही बांधून ठेवले आहेत.

विज्ञानकथा?

जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हापासून त्यांची पुस्तकं कपाटात टिकत नाहीत. त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, नाव घेतलं नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी केवळ कथा बघून बक्षीस दिलं. 'यक्षांची देणगी' हा संग्रह शाळकरी मुलांनाही चालतो.

मोठ्यांनी नंदा खरे यांची 'उद्या' वाचावी. नजर ठेवणारी यंत्रणा, माणसांपेक्षा मोठ्या झालेल्या कंपन्या, कमी होत गेलेल्या मुली. भविष्यकाळातली म्हणून वाचायला घ्यावी आणि बातम्या वाचतोय असं वाटावं, इतकी ती जवळची आहे. तिला साहित्य अकादमी जाहीर झाली होती, पण आपण पुरस्कार घेणं थांबवलंय असं सांगून लेखकाने ती नाकारली. सोपी कादंबरी नाही. पन्नास पानं द्या तिला.

इतिहास हवा, पण कंटाळवाणा नको.

आधी हे ठरवा की तुम्हाला कादंबरी हवी की इतिहास. दोन्ही वाचावं, पण एकाच्या जागी दुसरं नको. ऐतिहासिक कादंबरीतले संवाद लेखकाचे असतात. ते खरे म्हणून भांडणात पुरावा द्यायला लागलो की घोटाळा होतो. विश्वास पाटलांचं 'पानिपत' १९८८ चं, आजही न थांबता वाचलं जातं. ते झालं की शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' घ्या. तीच लढाई अभ्यासक कशी तोलतो ते दिसतं, आणि कादंबरीची गोडी त्याने कमी होत नाही.

थोडं वेगळं हवं तर नंदा खऱ्यांचीच 'अंताजीची बखर'. अठराव्या शतकातल्या बंगालात जाऊन पडलेला एक सामान्य मराठी माणूस, बखरीच्या भाषेत, मोठमोठ्या लोकांकडे खालून बघत लिहितोय. सरदार-पेशव्यांच्या कादंबऱ्या वाचून झालेल्यांना हा बदल फार मानवतो.

आणि आपल्या घरचा इतिहास. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेलं प्रतिसरकार होतं. तेव्हा आजची सांगली त्याच जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. प्रतिसरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, त्याचं सशस्त्र दल असलेली तुफान सेना कुंडलची. पी. साईनाथ यांनी अगदी शेवटच्या हयात स्वातंत्र्यसैनिकांना गाठून 'द लास्ट हीरोज' हे पुस्तक २०२२ मध्ये लिहिलं, मराठीत ते 'अखेरचे शिलेदार' म्हणून आलंय. कुंडलचे कॅप्टन भाऊ आणि हौसाबाई पाटील त्यात आहेत. पलूस, कडेगाव, वाळव्याच्या वाचकांना मी हे पुस्तक न मागता पुढे करते. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींतली गावं तिथे छापील भेटतात.

मुलगा सारखी मोटिव्हेशनल पुस्तकं मागतो. त्याला दुसरं काय देऊ?

'भुरा'. शरद बाविस्कर यांचं आत्मकथन. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा दहावीत नापास होतो, मजुरी करतो, आणि पुढे जेएनयूत फ्रेंच तत्त्वज्ञान शिकवणारा प्राध्यापक होतो. यशाची सूत्रं त्यात नाहीत. आई आहे, वाचलेली पुस्तकं आहेत, झालेले अपमान आहेत आणि स्वतःशी केलेला वाद आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हे पुस्तक परत येताना कव्हर सैल झालेलं असतं, खोलीत चारजणांनी वाचलेलं असतं.

त्याच मुलाला नंतर सातारा जिल्ह्यातल्या लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' द्या. १९८० चं आहे, पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन शिकणाऱ्या कैकाडी मुलाची ही कथा वाचल्यावर आपल्या अडचणींचं माप बदलतं.

शहरातल्या मुलांना प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' जवळची वाटते. २०२१ चा युवा पुरस्कार. मैत्री, प्रेम, हरवलेपण, सगळं आजच्या बोलण्याच्या भाषेत.

अनुवादित पुस्तकं वाचावीत का? मूळ मजा राहते का?

जरूर वाचावीत, पण मूळ लेखकाइतकंच अनुवादकाचं नाव बघून घ्यावीत. काउंटरवरच पहिलं पान उघडा. वाक्य अडखळत असेल, दोनदा वाचावं लागत असेल, तर पुढची तीनशे पानं तशीच असणार. घाईने केलेले थ्रिलरचे अनुवाद खूप आहेत आणि त्यांच्यामुळे लोक अनुवादांनाच नावं ठेवतात.

कन्नडमधून मराठीत आलेलं साहित्य मी निर्धास्तपणे देते, कारण उमा वि. कुलकर्णी यांचं काम. एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या महाराष्ट्राच्या घराघरांत गेल्या त्या त्यांच्यामुळे. 'पर्व' ही महाभारतावरची कादंबरी त्यांच्या मराठीत वाचताना ती मुळात दुसऱ्या भाषेत लिहिलीय हे आठवतसुद्धा नाही. देवत्व काढून घेतलेलं महाभारत आहे ते. कुंती, द्रौपदी, भीम थकतात, चिडतात, म्हातारे होतात. सांगलीच्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' ज्यांना आवडली त्यांना 'पर्व' द्यावं, आणि ज्यांना 'ययाति' फार अलंकारिक वाटली त्यांनाही. आमच्याकडे 'पर्व'साठी कायम नंबर लागलेला असतो. नाव नोंदवून ठेवा.

कविता वाचणारे असतात का अजून?

असतात. तरुण मुली सर्वांत जास्त. विशाखा विश्वनाथ यांचा 'स्वतःला स्वतःविरुद्ध उभं करताना' आणि अनुराधा पाटील यांचा 'कदाचित अजूनही', या दोनपैकी एक घ्या आणि दिवसाला एकच कविता वाचा. बा. सी. मर्ढेकरांचं मूळगाव साताऱ्याजवळचं मर्ढे. त्यांची कविता शाळेत कठीण वाटली असेल तर आता पुन्हा वाचून पाहा.

प्रवासवर्णन?

मीना प्रभु. 'माझं लंडन', 'तुर्कनामा', 'चिनीमाती'. त्यांनी तपशिलाने लिहिलंय, म्हणून ही पुस्तकं घरबसल्याही सोबत फिरवतात.

मुलांना मोबाईलवरून पुस्तकावर कसं आणू?

मोबाईल हिसकावून हातात पुस्तक दिलं तर पुस्तक ही शिक्षा होते. तसं करू नका. लहान मुलांना तुम्ही स्वतः वाचून दाखवा, रोज दहा मिनिटं, आवाज बदलत, थांबत. माधुरी पुरंदऱ्यांची चित्रं आणि गोष्टी यासाठी अप्रतिम आहेत. 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांतली घरं आपल्या घरांसारखी आहेत. चित्रात खुंटीला पिशवी दिसते, कोपऱ्यात चपला दिसतात, आणि मूल चित्रावर बोट ठेवून बोलायला लागतं. त्याला बोलू द्या. पान उलटायची घाई नको.

आठ-नऊ वर्षांच्या पुढे संगीता बर्वे यांची 'पियूची वही' आणि भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. दोन्हींना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे, अनुक्रमे २०२२ आणि २०२४ चा. दुसरं खासकरून वाचत नाही म्हणणाऱ्या मुलांना द्यावं, नावानेच ते हातात घेतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पळतोय. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तुम्ही लहानपणी वाचलेला अंक शोधून मुलांना दाखवा.

एक कळकळीची विनंती. पुस्तक वाचून झाल्यावर "यातून काय शिकलास?" असं विचारू नका. सुट्टीत आलेली कित्येक मुलं फक्त या प्रश्नाच्या भीतीने पुस्तक नको म्हणतात. तुम्हाला आवडलेला प्रसंग सांगा, मूल आपोआप त्याचा सांगेल.

पुरस्कार मिळालेलं पुस्तक म्हणजे चांगलंच असतं का?

पुरस्कारांमुळे नवी नावं कळतात, हा त्यांचा मोठा उपयोग. पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळणाऱ्या युवा पुरस्काराची यादी तर मी दरवर्षी बघतेच. २०२५ मध्ये तो प्रदीप कोकरे यांच्या 'खोल खोल दुष्काळ डोळे' या कादंबरीला मिळाला. पण विरंगुळ्यासाठी वाचताना तुमची आवड पहिली. चांगलं पुस्तक तुम्हाला या महिन्यात नकोसं वाटू शकतं. घरात आजारपण असताना 'फेसाटी' नेऊ नका, द. मा. मिरासदारांच्या विनोदी कथा न्या.

नाही आवडलं तर अर्धवट सोडलं तर चालेल?

चालेल. चाळीसेक पानं वाचा आणि मन लागत नसेल तर परत आणा. काउंटरवर मोकळेपणाने सांगा की जमलं नाही, म्हणजे पुढचं पुस्तक देताना मला कळतं. कित्येकजण संकोचाने पुस्तक दोन-दोन महिने घरात ठेवतात, विलंब आकार भरतात आणि येणंच थांबवतात.

विकत घेऊ की वाचनालयातून नेऊ?

आधी नेऊन वाचा. पुन्हा वाचावंसं वाटलं, कोणाला द्यावंसं वाटलं, तर विकत घ्या. नव्या लेखकाचं मात्र आवडल्यास आवर्जून घ्या. छापील किमतीतले साधारण दहा टक्के लेखकाला मिळतात. मराठीत लिहिणाऱ्याला त्यावर घर चालवता येत नाही, तरी तो लिहितो.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ मिळते, ती पाठवू का?

कृपया पाठवू नका. स्कॅन करून फिरवलेली ती पीडीएफ लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या परवानगीशिवाय केलेली असते. हजार प्रतींच्या आवृत्तीतल्या शंभर विकल्या गेल्या नाहीत तर त्या लेखकाचं दुसरं पुस्तक अडतं. फुकट आणि रीतसर वाचायचं असेल तर ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं आहेत, वाईहून चालणाऱ्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन आहेत. डोळ्यांचा त्रास असणाऱ्यांना ऑडिओ पुस्तकांचा चांगला उपयोग होतो, त्यासाठी घरातल्या मुलांकडून ॲप लावून घ्या.

दिवाळी अंकांची योजना काय असते?

नेहमीच्या वर्गणीशिवाय वेगळी वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. १९०९ मध्ये 'मनोरंजन'पासून सुरू झालेली ही परंपरा नव्या लेखकांची ओळख करून घ्यायला फार सोयीची आहे. एका अंकात पंधरा-वीस जणांचं लेखन वाचून होतं. आवडलेलं नाव कागदावर टिपून ठेवा आणि त्या लेखकाचं पुस्तक मागा.

सुट्टीत पुस्तकांसाठी कुठे जाता येईल?

भिलार. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये, स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घरांत, शाळेत, देवळात विषयवार पुस्तकं मांडलेली असतात, कुठेही बसून वाचा. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, असं चालत फिरायचं. पॉइंट बघायच्या गडबडीत तासाभरासाठी जाऊ नका, दिवस काढून जा आणि मुलांना मोकळं सोडा. संक्रांतीला कृष्णेकाठी औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, तिथे मंडपात बसून ऐकण्याचं सुख वेगळं आहे. साताऱ्याच्या ग्रंथमहोत्सवात नवी पुस्तकं चाळून घेता येतात.

घरातली जुनी पुस्तकं वाचनालयाला द्यायची आहेत. घेता का?

घेतो. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या वाचनालयांची हजारो पुस्तकं भिजली, त्यात पुन्हा न मिळणारी जुनी पुस्तकंही गेली. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या प्रत्येक पुस्तकाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. कथा, कादंबऱ्या, बालसाहित्य, बांधलेले दिवाळी अंक आणा. पाठ्यपुस्तकं आणि गाईड नकोत. आणण्याआधी यादी करून दाखवलीत तर जागेचा अंदाज येतो.

कसर किंवा वाळवी लागलेलं पुस्तक वेगळ्या पिशवीत आणा, इतरांत मिसळू नका. पुस्तक ओलं झालं असेल तर कडक उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि पुठ्ठा सुटतो. उभं करून, पानं थोडी उघडून पंख्याखाली ठेवा, मध्ये मध्ये कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते.

इथे सांगितलेलं पुस्तक तुमच्याकडे नसेल तर?

काउंटरवर मागणी वही आहे. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक माहीत असल्यास प्रकाशक, आणि तुमचा सभासद क्रमांक लिहा. खरेदीची यादी याच वहीवरून होते, आणि एकाच पुस्तकापुढे तीन-चार क्रमांक दिसले की ते यादीत वर जातं. अर्धवट आठवत असेल तरी लिहा. "निळं कव्हर, म्हैस आहे त्यात" एवढ्यावरूनही शोधता येतं.